घूं आवाज कंडेन्सरचा नाही सर

नमस्कार सर, २ स्टार दिलेत ते ठीक आहे, पण माझ्याकडून घेतलेला अँप (अॅम्प्लिफायर) घूं घूं करतो, आत लोकल कंडेन्सर टाकलाय आणि १०० वॅट सांगून फसवलं असं लिहिलंय तुम्ही, हे बाकीचे पण वाचतात म्हणून इथंच बोलतो.

तुमचाच व्हिडिओ परत बघा. व्हॉल्यूम शून्यावर आहे तोपर्यंत चिडीचूप, सेटटॉप बॉक्स जोडून व्हॉल्यूम वाढवला की घूं सुरू. कंडेन्सर कमी पडून सप्लायच्या व्होल्टेजमध्ये चढउतार, म्हणजे रिपल, असता तर शून्यावर पण ऐकू आला असता ना. आणि रिपल जेवढा करंट खेचाल तेवढा वाढतो, आत दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आहेत, ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) १०० हर्ट्झ, म्हणजे १ अँपिअरला साधारण १ व्होल्ट, आणि नुसता चालू असलेला अँप ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, तिथे ०.०३ व्होल्ट पण नीट होत नाही. ज्यांनी तुम्हाला २०,००० चा कंडेन्सर टाका सांगितलं त्यांनी हा हिशोब केलेला दिसत नाही.

माझ्या मते घूं केबलच्या वायरमधून येतोय. ती वायर बिल्डिंगमध्ये कुठेतरी वेगळी अर्थ झालेली असते, अँप तुमच्या थ्री पिनने अर्थ, दोन्हीत जरासा फरक असला तरी करंट ऑडिओ वायरच्या जाळीतून फिरतो. बॉक्सच्या मागची केबलची वायर काढून बघा, घूं गेला तर हेच. मग ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फिरणारा करंट तोडणारा छोटा डबा) लावायचा, स्वस्तात मिळतो. कोणी अर्थची पिन कापायला सांगितलं तर कृपया कापू नका, उद्या बॉडीला करंट उतरला तर जिवावर बेतेल.

ट्वीटरला कान लावल्यावर बारीक सूं येतो तो नॉइज, थोडा राहणारच.

आता वॅट. बिल काढा, ७० लिहिलंय. आत टीडीए ७२९४ हा अँपचा आयसी (चिप) आहे, त्याच्या डेटाशीटमध्ये १०० पण छापलेत पण १० टक्के डिस्टॉर्शनला, ७० आहेत ते ०.५ टक्क्याला. १० टक्के म्हणजे सिग्नलचे शेंडे छाटलेले, आवाज फाटलेला, वरातीत खपून जाईल पण घरी भीमसेनजी ऐकायचे तर नाही चालणार. १०० लिहिलं असतं तर विक्री जास्त झाली असती हे मला पण कळतं.

अँप घेऊन या, मोबाईल बॅटरीवर ठेवून तुमच्यासमोर लावतो, ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर सप्लाय पण दाखवतो. तिथे घूं आला तर पूर्ण पैसे परत. मंगळवारी बंद असतो.