४.०००० ग्रॅम, पण कशाचे?

पुण्यातल्या बीएस्सीच्या मुलांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर एक सल्ला फिरतो: "सोडियम हायड्रॉक्साइड चार दशांश स्थळांच्या काट्यावर झटपट ४.०००० ग्रॅम तोला, लिटरभर द्रावण करा, अचूक ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) मिळतं. पेलेट (त्याच्या गोळ्या) ओले वाटले तर ओव्हनमध्ये वाळवा. काट्याच्या पेटीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा, मग हवेची चिंता नाही." यातला एकही भाग टिकत नाही. पहिला तर प्रॅक्टिकलचा अख्खा निकाल बिघडवतो.

काटा खोटं बोलत नाही, पण तो पाणीही तोलतो. सीलबंद बाटलीवरच शुद्धता ९७–९८ टक्के लिहिलेली असते. ९७ टक्के धरली, तर ४ ग्रॅममधून फार तर ०.०९७ नॉर्मल द्रावण होईल. बाटली उघडली की पेलेट हवेतलं पाणी ओढतात आणि कार्बन डायऑक्साइडही. जुलैतल्या हवेत ते बघता बघता चकाकू लागतात, चिकटतात. हात झटपट चालवल्याने पुढची भर कमी होईल. बाटलीत आधीच शिरलेलं पाणी कुठे जाणार? त्या कार्बन डायऑक्साइडपासून बनणाऱ्या सोडियम कार्बोनेटचा घोळ आणखी वेगळा. एक रेणू कार्बोनेट होताना दोन रेणू हायड्रॉक्साइड खर्ची पडतात, पण फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचा) रंग जाईपर्यंत ते कार्बोनेट आम्लाचा एकच प्रोटॉन घेतं. मिथाइल ऑरेंज हा दर्शक वापरला तर ते दुसराही प्रोटॉन घेतं, त्याच द्रावणाचा आकडा जास्त येतो, आणि मग दोष ब्युरेटला (खुणांच्या मोजनळीला) दिला जातो.

म्हणून पेलेट साध्या काट्यावर, कोरड्या बीकरमध्ये, अंदाजे ४.२ ग्रॅम घ्या. कागदावर नको, ते चिकटतात. उकळून झाकून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, लिटर करा, पॉलिथिनच्या बाटलीत घट्ट झाकणाखाली ठेवा. चार दशांशांची खरी गरज इथून पुढे लागते. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (ज्याच्याशी द्रावण ताडून पाहायचं तो पदार्थ) वेइंग बॉटलमध्ये, म्हणजे झाकणाच्या छोट्या काचबाटलीत, ११०–१२० अंशांवर दोन तास वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात) पूर्ण गार करा. गरम बाटली तोलू नका: तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेमुळे ती हलकी भासते. झाकणासह वेइंग बॉटल तोला, साधारण ०.५१ ग्रॅम फ्लास्कमध्ये ओता, झाकण लावून पुन्हा तोला. बाटली बोटांनी न धरता कागदाच्या पट्टीने धरा. फरक हेच तुमचं वजन. थॅलेट पाण्यात विरघळवून, फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेशन केलं, म्हणजे रंग येईपर्यंत ब्युरेटमधून आपलं द्रावण थेंबथेंब सोडलं, की ब्युरेट २५ मिलिलिटरच्या आसपास थांबतं. ग्रॅमला १००० ने गुणा, (२०४.२२ × मिलिलिटर) ने भागा: ही खरी नॉर्मॅलिटी. तीन वाचनं जुळेपर्यंत थांबू नका.

कार्बोनेट नकोच असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडचं वजनाने ५० टक्क्यांचं द्रावण करा. त्यात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं निवळ ५.३ मिलिलिटर घेऊन लिटर करा आणि तेही थॅलेटने प्रमाणित करा, म्हणजे वरच्यासारखीच खरी नॉर्मॅलिटी काढा. हे द्रावण करताना ते फार तापतं. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

ओव्हनची युक्ती थॅलेटची आहे, ती इथे लावू नये. सोडियम हायड्रॉक्साइड पाणी इतकं घट्ट धरतं की ११० अंशांनी ते कोरडं होत नाही, झालेलं कार्बोनेट तर तसंच राहतं. शिवाय ओव्हनमधल्या हवेतही कार्बन डायऑक्साइड असतोच. पाणी ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचंही वजन तसंच फसवं: निर्जलाचा रेणुभार ११०.९८, दोन पाण्यांच्या स्फटिकाचा १४७.०१, आणि उघडी राहिलेली बाटली कुठल्या टप्प्यावर आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अचूक कॅल्शियम हवं असेल तर वाळवलेलं कॅल्शियम कार्बोनेट तोलून हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा.

सिलिका जेलची जागा डेसिकेटरमध्ये. निळं जेल गुलाबी झालं की ११०–१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. काट्याच्या पेटीचं दार दर वेळी उघडतं, बाहेरची हवा आत येतेच. आणि पेटी खरोखर फार कोरडी झाली तर स्थिर विजेने पावडर काचेला चिकटते, आकडा भरकटतो.

काट्यावरचा आकडा चढत राहिला तर पदार्थ काढा आणि प्रमाण वजन (ठरलेल्या वजनाचं माप) ठेवा. ते स्थिर राहिलं तर काटा ठीक आहे, तुमचा पदार्थ पाणी पितोय.