दादाचं ऐक, कल्याण होईल

पुण्यात आलास, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली, आईने दिलेला लाडवांचा डबा रूम पार्टनरांनी पहिल्याच रात्री फस्त केला. म्हणजे तुझं उच्च शिक्षण सुरू झालं. आता कमी आहे ती फक्त मार्गदर्शकाची.

कॉलेज तुला एक मेंटॉर देईलच. इतक्या मुलांमागे एक सर, असा हिशेब कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत दाखवावा लागतो. सरांना तुझं नाव माहीत नसेल, पण तुझं समुपदेशन झाल्याची तारीखवार नोंद त्यांच्याकडे असेल आणि खाली सही तुझीच असेल. त्यांना त्रास देऊ नकोस. खरा मेंटॉर अमृततुल्याच्या बाकड्यावर भेटतो. तो तुझ्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी आलेला असतो, दर गणपतीत ‘यंदा स्पर्धा परीक्षेतून पोस्ट काढायचीच’ म्हणतो, आणि चहावाल्याकडे त्याचं खातं असतं. खातं त्याच्या नावावर, पैसे भरणारा दरवर्षी नवा. तो दादा म्हणजे मी. यंदाचा नंबर तुझा, नशीबवान आहेस.

आधी एक वाईट खोड सोड. घरून आलेले पैसे सोयाबीनमध्ये मोजायचे नाहीत. लातूरकडचा एक पोरगा असाच माझ्याकडे आला. हातात ऐंशी हजारांचा नवा फोन आणि चेहरा पडलेला. म्हणाला, ‘‘दादा, 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. म्हणजे हा फोन पंधरा क्विंटलचा झाला.’’ मी म्हटलं, ‘‘हमीभावाने कशाला मोजतोस? तुझ्या वडलांना तो मिळाला का?’’ तर म्हणे, नाही, अडत्याने ओलावा दाखवून चार हजारांनी घेतलं. मग तर वीस क्विंटल झाले! म्हणजे पोरगा अडीच-तीन एकर रान कानाला लावून बोलत होता. असली गणितं करणाऱ्याचं शहरात मन रमत नाही. तो सेमिस्टर संपायच्या आत फोन विकून मोकळा झाला. फुकट गेला बिचारा.

तू फोन हप्त्यावर घे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ अशी पाटी दिसली की डोळे मिटून सही कर. शून्य टक्के व्याज अशी चीजच जगात नसते, ते कुठेतरी लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2013 मध्येच बजावलं होतं. पण रिझर्व्ह बँकेला कुठे फोन घेऊन ट्रेकला जायचंय? हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो म्हणून घाबरवतील. अरे, सिबिलची सुरुवातच 300 पासून होते. कितीही दिवे लावले तरी 300 मार्क कुठेही जात नाहीत. आपल्या विद्यापीठात आहे का अशी सोय?

मेस मात्र लाव. महिन्याचे पैसे आगाऊ भर आणि मग तिकडे फिरकू नकोस. ‘आधी सांगितल्याशिवाय खाडा धरला जाणार नाही’ अशी पाटी भिंतीवर असते, तिच्याखाली उभं राहून महिनाअखेरीस खाड्यांसाठी काकूंशी भांडायचं. काकू ताटात आमटी वाढता वाढता, मान वर न करता, ‘‘पाटी वाचली का?’’ एवढंच विचारतील. मग रागाने बाहेर पडून मोबाइलवर बिर्याणी मागवायची. दोन मागव, मीही तत्त्वासाठी तुझ्याबरोबर उपाशी राहिलेला असतो. आणि ते टीटीएमएम वगैरे फर्ग्युसन रोडवाल्यांचं. आपल्यात तुझं तू, माझं मी, असं करायचं नाही. तुझं ते आपलं.

शिष्यवृत्तीच्या नादी तर लागूच नकोस. राजर्षी शाहूंच्या नावाने फीसाठी आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृहाच्या खर्चासाठी आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या तुझ्या बहिणीची फी 2024-25 पासून सरकारच भरतंय. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण त्यासाठी सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला काढा, आधार बँकेला जोडा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरा, मग तो फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला पडलाय म्हणून ऑफिसातल्या खिडकीशी उभे राहा. एवढ्या वेळात शिष्यवृत्ती वाढवून मिळावी म्हणून दोन मोर्चे काढून होतात. मोर्च्यात फोटोही येतो.

काम करून शिकण्याचा विचार मनात येत असेल तर तोही काढून टाक. कर्मवीर भाऊरावांनी पोरांना वसतिगृहात ठेवून राबायला शिकवलं, ‘कमवा आणि शिका’ आजही कॉलेजांतून चालू आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावायची, बागेला पाणी घालायचं, तासाच्या हिशेबाने पैसे. तासाच्या! आपल्याला मिनिटाच्या हिशेबाने हवेत. त्यासाठी शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग आहे. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं, पुस्तकाच्या आत मोबाइल, टेलिग्रामवर टिपा देणाऱ्या सरांचा कॉल आला की मेसच्या पैशातून एक लॉट. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये एक अहवाल काढून उगाच अपशकुन केला होता. म्हणे 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरांनी पैसे घालवले, सगळ्यांचे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. असतीलही. त्या 93 टक्क्यांना दादा नव्हता. माझं स्वतःचं म्हणशील तर मी सध्या मार्केटचा अभ्यास करतोय, पैसे ज्युनियर लावतात.

पैसे संपणारच, त्यामुळे घरी फोन कसा करायचा हे नीट शिकून घे. महिन्याच्या वीस तारखेनंतर, संध्याकाळी, वडील रानातून आलेले असताना. आधी पावसाचं विचारायचं. मग ‘प्रोजेक्टचं सबमिशन’ हे दोन शब्द घालायचे. त्यांचा अर्थ त्यांना विचारता येत नाही आणि विचारला तर आपल्याला सांगता येत नाही, त्यामुळे बोलणं लवकर आटोपतं. फोन आईकडे गेला तर नेटवर्क नाही म्हणून कट कर, कारण ती पैशाचं विचारत नाही, काय जेवलास ते विचारते, आणि तिथे तयारीची पोरंही गडबडतात. आणि वडलांनी ‘‘परीक्षा कधी आहे रे?’’ असं विचारलं तर बेधडक सांग, ‘‘पुढे ढकलली.’’ कुठल्याही महिन्यात सांग. विद्यापीठ आपल्याला खोटं पडू देत नाही.