माझी गाडी उभी होती

गाडी उभी होती. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. सोमवारपासून भेटेल त्याला मी हे सांगतोय, आणि समोरचा "हो हो, असेल" म्हणतो त्यातला तो "असेल" मला बरोबर ऐकू येतो.

इंदूरचा गीता भवन चौराहा, सकाळची वेळ, लाल दिवा. मागून एक स्कूटर येऊन आदळली. नंबर प्लेट दुमडली, बंपरला चीर गेली. उतरून मागे गेलो तर हँडल धरून बसलेले एक काका, त्यांच्यामागे काकू, काकूंच्या मांडीवर स्टीलचा डबा आणि डब्यातली निम्मी कढी साडीवर. मी तोंड उघडायच्या आत काकूच ओरडल्या, "गाड़ी पीछे काय को ली?"

"अहो, उभी होती!" राग आला की माझी हिंदी सुटते.

"अगंबाई, मराठी आहात!" काकूंच्या चेहऱ्यावर एकदम माहेर उतरलं. "आडनाव काय? देवासचे का धारचे? आमचं माहेर उज्जैनचं." मागे हॉर्नचा गजर चालला होता आणि इकडे माझ्या आजोळपर्यंतची चौकशी पार पडली. ती झाल्यावर काकू मूळ मुद्द्यावर आल्या. "मग आपल्या माणसांत कशाला खोटं बोलता? गाडी मागे आली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"काकू, उभी होती."

"अहो, दोन्ही मोतीबिंदू काढलेत माझे, आत्ता दिवाळीनंतर. भिंग बाहेरचं बसवलंय, अमेरिकेचं. डॉक्टर म्हणाले, काकू, आता खुशाल सुईत दोरा ओवा. तुमच्या चष्म्याचा नंबर काय?"

माझा नंबर उणे साडेचार आहे. तो भर चौकात जाहीर झाला आणि खटला तिथेच फिरला. कोपऱ्यावरचा पोहेवाला जीरावण मसाल्याची डबी हातात घेऊनच आला होता. त्यानं मागच्या रांगेला समजावलं, "भिया, आंटी के लेंस नए हैं." मागच्या रांगेनं माना डोलावल्या. इंदुरात पोह्यांची प्लेट हातात असलेला कुठलाही माणूस न्यायाधीश असतो. शेव कुरकुरीत असेपर्यंत त्याला निकाल हवा असतो.

आता खरं काय झालं ते ऐका, निदान तुम्ही तरी. माझ्या उजवीकडे सिटी बस उभी होती. उजवीकडे वळायचा हिरवा बाण आधी लागला आणि बस सावकाश पुढे सरकू लागली. नजरेच्या एका बाजूला एवढी मोठी भिंत पुढे चालली, की डोळे त्या भिंतीलाच जमीन समजतात आणि जे थांबलेलं असतं ते मागे जाताना दिसतं. कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1929 साली याच्यावर प्रयोग केले होते. अंधारात एक ठिपका आणि त्याच्याभोवती चौकट. सरकवायची चौकट, बघणारे सांगतात, ठिपका सरकला. मोठं आणि भोवतालचं ते स्थिर, लहान आणि मधलं ते हलणारं, असा डोळ्यांचा सरळ पक्षपात आहे. बस मोठी, मी लहान. म्हणजे मीच हललो.

त्यातून ती बस नजरेचा बराच भाग व्यापत असेल तर माणसाला आपणच मागे घसरतोय असं वाटतं. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, तोच प्रकार. माझा संशय असा, की काकांना नेमकं तेच झालं आणि त्यांनी सावरायला म्हणून रेस दिली. आपण पुढे सरकतोय हे त्यांना कळलं का नाही? कारण ते ज्यानं कळायचं तो अवयव कानात आहे. आतल्या कानातल्या दोन पिशव्यांत चुन्याचे अगदी बारीक खडे असतात, वेग बदलला की ते मागेपुढे ओढले जातात आणि मेंदूला खबर जाते. वेग फार हळू बदलला तर खबर जात नाही. मग डोळे जे सांगतील ते खरं. आणि डोळ्यांना फक्त एवढंच दिसलं की दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं. कोण हललं हे त्यात लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी तिथे सांगून पाहिलं. हो, भर चौकात. सोपं करून म्हणालो, "काकू, कोजागिरीला चंद्र ढगांतून पळताना दिसतो ना?"

"पळतोच."

"चंद्र नाही पळत. ढग पळतात."

"तुम्ही चंद्रावर राहता का?"

"तसं नाही. डोळ्यांचा दोषच नाही यात, हे मेंदूत होतं..."

"म्हणजे माझ्या मेंदूत बिघाड?" काकूंनी डबा काकांच्या हातात दिला. "ऐकलंत? मला वेडी म्हणून राहिले हे!" काका बिचारे डबा धरून उभे. ब्रेक दाबला होता का, असं मी त्यांना थेट विचारलं. ते म्हणाले, "दाबला होता." मग काकूंकडे बघून म्हणाले, "बहुतेक." हा "बहुतेक" माझ्याशिवाय कुणालाही ऐकू गेला नाही. माझ्या बाजूची एकमेव साक्ष अशी कढीत बुडाली.

नंतर डोकं थंड झाल्यावर आठवलं, की माळव्यात ही गोष्ट पटत नाही, ही अडचण काही आजची नाही. आर्यभटानं 499 साली लिहून ठेवलं, की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. माझंच म्हणणं, फक्त बसच्या जागी नाव. त्यावर आमच्या शेजारच्या उज्जैनच्या वराहमिहिरानं काय विचारावं? पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे आले असते! हा सवाल ऐकून त्या काळच्या चौराह्यावर पोहे खाणाऱ्यांनी कशा माना डोलावल्या असतील ते मी डोळ्यांसमोर आणू शकतो. पोहे नसतील तेव्हा. दुसरं काही खात असतील. आणि काकूंचं माहेर उज्जैनचं. मी काय बोलणार?

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी पावसाळ्यात इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या धबधब्याला जावं. कोसळणाऱ्या पाण्याच्या एकाच जागी मिनिटभर टक लावून बघायचं आणि मग नजर शेजारच्या खडकावर न्यायची. खडक वर चढू लागतो. 1834 साली रॉबर्ट अॅडम्स नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हे पाहून लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी बघून बघून दमतात आणि वरची हालचाल टिपणाऱ्या बाजी मारतात. तिथे खडकाला कोणी म्हणत नाही, मागे कशाला घेतलास.

हालचाल दिसणं हे मेंदूचं एक वेगळंच खातं आहे. ते बंद पडू शकतं. 1983 साली जोसेफ त्सिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकच्या एका बाईची हकीकत छापली. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाल्यावर तिला रंग, चेहरे दिसत होते, हालचाल तेवढी दिसेनाशी झाली. कपात ओतलेला चहा तिला गोठलेला दिसे, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नसे. रस्त्यावरची मोटार आत्ता लांब दिसे आणि एकदम अंगाशी आलेली. वाचून वाईट वाटतं, आणि मग वाटतं, त्या बाईला निदान माहीत होतं की आपल्याला दिसत नाहीये. ती भीतीनं रस्ता ओलांडायची नाही. आमच्याकडे ज्याला जितकं कमी दिसतं तो तितका जोरात हॉर्न वाजवतो, आणि वर म्हणतो, मैंने देखा ना!

चौकातला निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. पोहेवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दो भिया, बड़े हैं, सॉरी बोल दो." मी बोललो. कारण दिवा पुन्हा हिरवा झाला होता आणि माझ्यामागे अर्धं इंदूर उभं होतं. काकूंनी मोठ्या मनानं माफ केलं. "असू दे. पण आरशात बघून मागे घेत जा, बाळ." साडीच्या धुलाईचे पैसे नको म्हणाल्या, हे मात्र खरं, तेवढ्यावर मी त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये अशी घरून सूचना आहे.

सिग्नलवरच्या खांबाला कॅमेरा आहे. कान नसलेला, मोतीबिंदू नसलेला, कढी न सांडलेला. त्याचं फुटेज मागायला गेलो. तिथले साहेब म्हणाले, जखमी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. मग कशाला हवंय? आता "काकूंना दाखवायला" हे कारण अर्जात कसं लिहिणार?

बंपर गॅरेजमध्ये टाकलाय. तिथला पोऱ्या उकिडवा बसला, चिरेवरून बोट फिरवलं, आणि वर न बघता म्हणाला, "रिवर्स में ठुकी ना, साब?"