तात्यांचा पौष्टिक खाऊ

आमच्या घरात कुणाच्या पानात काय पडावं यावर फारशी चर्चा होत नाही. जे शिजेल ते खावं, असा साधा नियम आहे. या नियमाला एकच अपवाद आहे आणि त्याचं वजन ९४ ग्रॅम आहे.

तात्या हे कॉकटील, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या जातीचे आहेत. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. मुलीने त्यांचं नाव दुसरंच काहीतरी गोंडस ठरवलं होतं. पण घरात आल्या आल्या त्यांनी मान तिरकी करून, तुरा उभारून आम्हा तिघांकडे एकेक करून असं काही पाहिलं, की निवृत्त हेडमास्तर कायमचे राहायला आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ते तात्या. अरे-तुरे करायची कुणाची छाती झाली नाही.

तात्यांचा आहार ठरलेला होता. राळं, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया. त्यातही सूर्यफुलाच्या बिया आवडीने आणि बाकीचं नाइलाजाने. बी चोचीत फिरवायचं, सोलायचं, गर गिळायचा आणि टरफल पुन्हा भांड्यातच टाकायचं, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे भांडं सदैव काठोकाठ भरलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात त्यात नुसती फोलपटं असतात. ती फुंकून उडवायची आणि खाली दाणे उरलेत का ते बघायचं, हा पक्षी पाळणाऱ्याचा पहिला धडा. फुंकताना डोळे मिटायचे, हा दुसरा.

सगळं सुरळीत चाललेलं असताना आम्ही त्यांना तपासणीसाठी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तात्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि छातीवर बोट फिरवलं. या बाई तात्यांना सरळ अरे-तुरे करतात. शिक्षण जास्त झालं की भीड चेपत असावी.

"छातीचं हाड बोटाला सहज लागायला हवं," त्या म्हणाल्या, "इथे शोधावं लागतंय. काय खातो हा?"

मी अभिमानाने यादी सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला चरबी भरपूर मिळते, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. पुढे यकृतावर चरबी साठते, असं त्यांनी समजावून सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या माळरानात तात्यांचे भाऊबंद गवताचं बी टिपूनच जगतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. ते मी त्यांच्या बाजूने मांडून पाहिलं.

"ते त्या बियांसाठी मैलोन् मैल उडतात. हा कुठवर उडतो?"

तात्या पडद्याच्या दांडीपर्यंत उडतात. वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तर.

शिक्षा अशी ठरली: पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाद्य) आणि भाज्या हे मुख्य जेवण, सूर्यफूल जवळपास बंद. "आणि वर काही खाऊ द्यायचाच असेल तर घरी करा," डॉक्टर म्हणाल्या. तयार मिळणाऱ्या काड्यांमध्ये दाणे बहुधा साखरेने नाहीतर मधाने चिकटवलेले असतात, म्हणून त्या नकोत. खाऊ एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. भुकेला ठेवून नवं खायला लावायचं, हेही चालणार नाही, कारण एवढ्याशा जिवाची तब्येत उपाशीपोटी फार लवकर ढासळते. थोडक्यात, त्यांना आवडत नाही ते त्यांनी खायला हवं आणि त्यासाठी आपण जबरदस्ती करायची नाही. हे धोरण ज्याने आखलं त्याने तात्यांना पाहिलेलं नसणार.

घरी येऊन मी काय-काय चालत नाही ते आधी लिहून काढलं. मीठ नाही, साखर नाही, तेल-तूप नाही. कांदा-लसूण नाही, त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट आणि कॉफी तर विषच. अ‍ॅव्होकॅडोत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, ते पक्ष्याच्या हृदयावर उठतं. दूध पचत नाही, कारण त्यातली साखर पचवायची सोयच पक्ष्यांच्या पोटात नसते. सफरचंद चालतं, पण आतल्या बिया काढून, कारण चावल्या की त्यातून सायनाइड तयार होतं. यादी संपली तेव्हा लक्षात आलं, की माणूस ज्या-ज्या कारणासाठी जेवणाच्या वेळेची वाट बघतो ती सगळी कारणं बाद झाली होती. उरलं ते गाजर, रताळं, ब्रोकोली, ओट्स आणि अंडं.

"अंडं?" मुलगी म्हणाली. "बाबा, ते नात्यातले आहेत ना त्यांच्या?"

मी तिला सांगितलं, की पक्षी पैदास करणारे लोक उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून खुशाल घालतात, कवचातून कॅल्शियम मिळतं. तिने ऐकून घेतलं. पण अंडं फोडताना पिंजऱ्यावर टॉवेल टाकून आली.

दुसरी अडचण भांड्यांची. नॉनस्टिकचा थर जास्त तापला की त्यातून जे वायू निघतात ते आपल्याला जाणवणारही नाहीत, पण पक्षी मात्र मिनिटांत दगावू शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतला प्राणवायू ओढून घेण्यात आपल्यापेक्षा फार तरबेज असतात आणि विषही त्याच तत्परतेने ओढून घेतात. म्हणून तर कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत असत. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. हा सगळा इतिहास मी बायकोला तिचा लाडका तवा माळ्यावर टाकताना सांगितला. त्यानंतर आमच्या घरात साध्या तव्यावर चिकटलेलं ऑम्लेट खरवडून खाल्लं जातं आणि खरवडण्याचा आवाज तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने काढला जातो.

मी गाजर किसायला घेतलं तेव्हा बायको दारात उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "तुला किसणी कुठल्या बाजूने धरतात हे माहीत होतं? इतकी वर्षं?"

काही प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा किसत राहावं.

ओट्स मोजायला वजनकाटा काढला. हा काटा मुळात तात्यांच्या साप्ताहिक वजनासाठी आणलेला. आपल्याला पाहिजे तेव्हा ते त्यावर अजिबात उभे राहत नाहीत. ओट्सची वाटी ठेवली मात्र, आणि ते उडत येऊन वाटीच्या काठावर बसले. आता वाटीतले ओट्स म्हणजे काट्यावरचा आकडा वजा ९४. मी वजाबाकी करत असताना त्यांनी वाटीत एक योगदान दिलं. ओट्स टाकून दिले, आकडाही बदलला, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी ओट्सचं पीठ, उकडलेलं रताळं, किसलेलं गाजर आणि अंडं असं सगळं मळून, नखाएवढ्या वड्या पाडून ओव्हनमध्ये भाजल्या. घरभर वास सुटला. म्हणजे वास सुटायला हवा होता. मीठ-साखर-लोण्याशिवाय भाजलेल्या रताळ्याला जो येतो, तो आला. ट्रे बाहेर काढल्यावर मी हिशेब मांडला. तात्या दिवसाला साधारण १५ ग्रॅम खातात, त्याचे दहा टक्के म्हणजे दीड ग्रॅम. ट्रेमध्ये ३०० ग्रॅम माल होता. रोज नेमाने खाल्ला तर २०० दिवस पुरणार होता. फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा बाहेर काढून तिथे वड्यांचे डबे गेले. मुलगी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

आणि तात्या?

तात्यांनी वडीकडे पाहिलं. तुरा मागे चपटा झाला, चोच उघडली आणि सापासारखा फूत्कार काढून ते दांडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. पोपटांच्या गोतावळ्यात नव्या खाण्याची ही धास्ती नेहमीचीच. अनोळखी वस्तू विषारी असू शकते, म्हणून शहाण्याने लांब राहावं, हे रानात बरोबरच आहे. पण पोपटांच्या जिभेवर तीनशे-चारशेच रुचिकलिका असतात, तुमच्या-आमच्या जिभेवर हजारो. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर इतकं कठोर समीक्षण मी अन्यत्र पाहिलेलं नाही.

मग पर्याय सुरू झाले. ब्रोकोली लटकवली. तात्यांनी तिचा एकेक तुरा तोडला, मान झटकली आणि भिंतीवर चिकटवला. ब्रोकोली वाळली की भिंतीपासून सुटत नाही, रंगासकट सुटते. पालेभाजी धुऊन ओली टांगली, तर तात्या त्या पानांत शिरले, पंख पसरले, अंग घासघासून यथेच्छ आंघोळ केली आणि ताजेतवाने होऊन पेलेट्सचं भांडं पालथं करायला गेले. मोड आणलेल्या दाण्यांना त्यांनी थोडा मान दिला, पण मोडांना बुरशी फार पटकन धरते. दोन-तीन तासांत न खाल्लेले उचलावे लागतात आणि तात्यांना भूक नेमकी ते उचलल्यावर लागते.

त्या सुमारास मी एक प्रयोग वाचला. १९६३ साली ग्लेन जेन्सेन नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं होतं, की समोर फुकटचं अन्न असतानाही उंदीर कष्ट करून मिळणारं अन्न निवडतात. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हे आढळलं. म्हणजे तात्यांना वडी नको आहे असं नाही, तर ती आयती नको आहे! मी उत्साहाने कागदाच्या पुरचुंड्या केल्या, प्रत्येकीत एक वडी. तात्या अक्षरशः तुटून पडले. अर्ध्या तासात कागदाच्या बारीक, सारख्या रुंदीच्या पट्ट्या पडल्या आणि त्या ढिगाच्या मधोमध सगळ्या वड्या जशाच्या तशा. त्यांना कष्ट प्रिय होते. मोबदल्याची अपेक्षा नव्हती.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याच्यासमोर खा. थव्यातला दुसरा कुणी खाताना दिसला की यांना धीर येतो. फक्त तुमचं उष्टं देऊ नका, आपल्या लाळेतले जंतू त्यांना बाधतात."

तेव्हापासून रोज सकाळी मी तात्यांसमोर बसून बेचव वडी चघळू लागलो. "वा! काय झालीय!" असं म्हणावं लागतं. लबाडी चालत नाही. एकदा मी गुपचूप साधं गोड बिस्किट खाल्लं, तर ते थेट माझ्या मनगटावर उतरून बिस्किटाची तपासणी करू लागले. रताळ्याच्या वडीसाठी हे कष्ट त्यांनी कधी घेतले नव्हते. या काळात माझं वजन उतरलं, रक्तातली साखर आटोक्यात आली. तात्या होते तिथेच.

मग मिरची आली. पक्ष्यांना तिखट लागत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने आपल्या तोंडात जी आग होते, ती जाणवून देणारी यंत्रणा त्यांच्यात त्याला दादच देत नाही. मिरचीच्या झाडाने ही सोय करून ठेवली आहे म्हणतात. चावून बी बरबाद करणारे सस्तन प्राणी लांब राहावेत आणि बी अख्खं गिळून दूरवर टाकणाऱ्या पक्ष्यांनी यावं. (तात्या बी फोडून खातात. झाडाने एवढा विचार केलेला दिसत नाही.) वर सुक्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर. डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं. मी मिरच्या बियांसकट भरडून नव्या ट्रेमध्ये सढळ हाताने घातल्या. पक्ष्याला लागत नाही म्हटल्यावर हात कशाला आखडायचा?

परंतु नियम नियम होता. थव्यातल्या ज्येष्ठाने आधी खायचं.

मी वडी तोंडात टाकली, "वा!" म्हणालो, आणि पुढचं वाक्य म्हणता आलं नाही. कानांतून काहीतरी बाहेर पडतंय असं वाटलं. मी उभा राहिलो, दोन्ही हात हलवत खोलीभर फिरलो, एका पायावर थोडा उडालो, आणि त्या वेळी जे आवाज माझ्या घशातून निघाले ते शिट्टीच्या बरेच जवळचे होते. तात्यांचा तुरा ताठ उभा राहिला. त्यांनी दांडीवर डावीकडून उजवीकडे दोन फेऱ्या मारल्या, माझ्याबरोबर मान वर-खाली केली, खाली उतरले आणि वडी खाल्ली. आख्खी. नंतर दुसरीसाठी भांडं वाजवलं.

पोपटांना तमाशा आवडतो, हे पाळणारे सगळेच सांगतात. आपण ओरडलो तर त्यांना बक्षीस मिळाल्यासारखं होतं. ज्या खाण्याने माणूस एवढा आनंदतो ते काहीतरी भारीच असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला असावा. आता ते वड्या खातात, त्याच आधाराने गाजर आणि ब्रोकोलीही खाऊ लागलेत, आणि परवा डॉक्टरांच्या बोटाला छातीचं हाड विनासायास लागलं. अट एकच: आधी नाच. मिरची न खाता नुसता नाचलो तरी चालतं, हे मी लवकरच शोधून काढलं. पण नाचात जीव नसेल तर तात्यांना कळतं आणि ते पाठ फिरवतात. शिवाय ओव्हनची 'पीप-पीप-पीप' त्यांनी हुबेहूब उचलली आहे. त्यांना वाटेल तेव्हा ते ती वाजवतात, मी स्वयंपाकघरात धावतो, ओव्हन थंड असतो, आणि परत येईतो तात्या भांड्यापाशी प्रयोगाची वाट पाहत बसलेले असतात.

गेल्या महिन्यात आम्हाला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं. शेजारच्या काकू प्रेमळ आहेत, तात्यांना सांभाळायला लगेच तयार झाल्या. मी त्यांना सगळं कागदावर लिहून दिलं. पाणी रोज सकाळी बदलायचं, भाजी दोन तासांनी काढून घ्यायची, पिंजऱ्याजवळ अगरबत्ती नको, वडी एकच. खाली, जरा बारीक अक्षरात, नाचाचं लिहिलं. हात कसे हलवायचे, शिट्टी कुठे, उडी कुठे. बायको म्हणाली, "हे देऊ नकोस, त्या येणं बंद करतील."

काकूंनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. पुन्हा एकदा खालचा भाग वाचला. पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाकी सगळं करते रे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खुर्चीत बसून केला तर चालेल का त्यांना?"