सोनोग्राफीने हृदय फाटत नाही, काका

"गळ्यातून हृदयाकडे नळी घालताना सोनोग्राफी करू देऊ नका. याच लहरींनी मुतखडा फुटतो, मग नाजूक हृदयाचं काय होईल?" हा मेसेज सध्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. कोथरूडच्या आत्याला आयसीयूत सेंट्रल लाइन, म्हणजे हीच नळी, टाकायची होती आणि काका हाच मेसेज डॉक्टरांपुढे नाचवत संमतीपत्रावर सही करेनात, म्हणून हे लिहितोय.

आधी मुतखडाच घेऊ. तो फोडायचं यंत्र वेगळं असतं. त्यातल्या जोरकस आघातलहरी एका बिंदूवर एकवटतात. सोनोग्राफी फक्त खडा कुठे आहे ते दाखवते. तिनेच खडे फुटत असते, तर रिपोर्टात 'आठ एमएमचा खडा' छापून येईपर्यंत तो शिल्लक राहिला असता का? शिवाय काकांचा टूडी एको होतो, तो थेट हृदयावर, याच जातीच्या लहरींनी. पोटातल्या बाळाचे ठोकेही त्यांनीच बघतात. आणि इथे तर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं उपकरण, ठेवायचा असतो गळ्यावर!

रेडिएशन? नसतं. ध्वनिलहरी आहेत त्या. पुढे.

मेसेजातला पुढचा मुद्दा: "अनुभवी डॉक्टरला बोटांनी शीर सापडते, मशीन लागतं शिकाऊंना." यात अर्धं खरं आहे, मान्य. वर्षानुवर्षं गळ्याच्या खुणा चाचपूनच लाइन टाकत आले. पण बोटाला लागते ती कॅरोटिड धमनी. तिच्या शेजारी शीर असेल, हा अंदाज. कुणाची शीर बारीक असते, कुणाची धमनीच्या अगदी वर आलेली. प्रोब ठेवला की स्क्रीनवर दोन काळी वर्तुळं दिसतात. हलकं दाबलं की एक चपटं होतं, ती शीर. दुसरं गोलच राहून उडत असतं, ती धमनी. सुई कुठे जाता कामा नये, हे टोचण्याआधीच समोर दिसतं. वैद्यकीय अभ्यास तपासून आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये गळ्यातल्या याच शिरेबद्दलच्या ३५ अभ्यासांचा आढावा घेतला, एकूण रुग्ण ५,१०८. सोनोग्राफीमुळे चुकून धमनीत सुई जाण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत, हेही तिथेच लिहिलंय. तरी ७२ टक्के कुठे आणि फॉरवर्ड कुठे!

"बिल वाढवायचा धंदा." वेगळे पैसे लावले असतील तर विचारा, बिलाच्या खिडकीवर हवं तेवढं भांडा. पण धमनीत सुई जाऊन गळ्यात रक्त साचलं, तर त्याचंही बिल येतंच.

राहिला शेवटचा मुद्दा: "नंतर एक्स-रे काढतातच, मग आधी सोनोग्राफी कशाला?" सुई शिरेत नेताना उपयोग सोनोग्राफीचा. नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी नीट थांबलंय ना, फुप्फुसाला धक्का लागला नाही ना, हे नंतर एक्स-रेत बघतात. दोन्ही कामं वेगळी आहेत.