हातात सुया, समोर भागाकार

"तू काय बाई, दिवसभर घरीच असतेस. विणायला मस्त वेळ मिळत असेल!" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती मान डोलावते. आज जरा सविस्तर सांगते.

मुलगा दहा वर्षांचा आहे, होमस्कूलिंगचं हे तिसरं वर्ष. काल ८४ भागिले ६ करायला बसला. भागाकाराची रेघ ओढली. मग पेन्सिलीला टोक नाही म्हणून उठला. टोक करताना निघालेली साल वहीवर गोल जुळवत बसला. तेवढ्यात खिडकीच्या कोपऱ्यात कोळी दिसला. "आई, कोळी स्वतःच्याच जाळ्यात का चिकटत नाही गं?"

प्रश्न झकास आहे, आणि उत्तर मला ठाऊकही आहे. जाळ्याचे सगळे धागे चिकट नसतात; मधून बाहेर जाणारे सरळ धागे कोरडे असतात आणि कोळी शक्यतो त्यांवरूनच ये-जा करतो. पण हे तेव्हा सांगितलं की भागाकार संपला. म्हटलं, "वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, नंतर बघू." मागच्या पानावर असे सत्तावीस प्रश्न जमलेत. त्यातल्या निम्म्यांची आठवण त्याला आता नाही, मला आहे.

पहिल्या वर्षी मी असं करत नव्हते. समोर हाताची घडी घालून बसायचे आणि दर मिनिटाला तोंड चालू. "खाली बघ. लक्ष दे. कुठे हरवलास? आठात सहा किती वेळा जातात?" मग एके दिवशी सहज मोजलं. वीस मिनिटांत मी त्याला अकरा वेळा हटकलं होतं. कोळी, पंखा, टोकयंत्र सगळे मिळूनही त्याचं लक्ष इतक्या वेळा मोडत नव्हते. ते मीच मोडत होते.

विणकाम मी तिथे आणलं ते माझ्या तोंडाला कुलूप म्हणून. छंदबिंद नंतर. हातात सुया असल्या की माणूस ओळ संपेपर्यंत गप्प बसतो. साठ टाक्यांची ओळ मला तीन-चार मिनिटं पुरते, आणि तेवढ्यात बहुतेक वेळा पोरगा आपला आपण वहीकडे परत येतो. त्याला समोर पहारेकरी नको असतो, पण खोलीत कुणीतरी आपापलं काम करत बसलेलं हवं असतं. मी उठून आत गेले की दोन मिनिटांत तोही उठतो. फोन घेऊन बसून पाहिलं, जमलं नाही. फोनमध्ये गेलेली मी खोलीत नसतेच, आणि हे पोराला माझ्याआधी कळतं.

पण वीण कुठली, याला फार महत्त्व आहे. हे मी एक अख्खी शाल उसवून शिकले. जाळीची वीण, बारा ओळींचा नमुना, दर ओळीत कुठे दोन टाके एकत्र घ्यायचे, कुठे धागा पुढे घेऊन नवा टाका वाढवायचा. सातव्या ओळीत "आई, बाकी उरली तर काय करू?" आलं, मी उत्तर दिलं, परत आले तर आठवीत की नववीत पत्ता नाही. त्याच्यावर ओरडले. चूक त्याची नव्हती. भागाकार शिकवत असताना जाळी विणणाऱ्या बाईची होती. तेव्हापासून अभ्यासाच्या वेळी फक्त दोन्ही बाजूंनी सुलट. कंटाळवाणी, सरळसोट वीण, कुठेही थांबा, कुठूनही उचला.

२००९ साली जॅकी अँड्रेड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चाळीस माणसांना एक रटाळ फोन-संदेश ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसायला सांगितलं. त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. प्रयोग लहान आहे, मोठ्यांवरचा आहे आणि विणकामाचा तर नाहीच, त्यामुळे मी तो कुणाच्या तोंडावर फेकत नाही. पण रिकाम्या हातांपेक्षा गुंतलेले हात बरे, हे मला पटतं. त्यालाही वाचून दाखवताना हातात मऊ माती देते.

"मग त्यालाच विणायला शिकव ना!" हेही ऐकलंय. १९१९ साली स्टुटगार्टमध्ये निघालेल्या पहिल्या वॉल्डॉर्फ शाळेत मुलगे-मुली दोघांनाही विणकाम शिकवत, वगैरे मलाही माहीत आहे. शिकवलं. वीस टाक्यांवर सुरू झालेली पट्टी चौथ्या दिवशी एकतीस टाक्यांची झाली होती. पाचव्या दिवशी ती खेळण्यातल्या डायनासोरचा लगाम झाली. विषय संपला.

पण विणकामातलं गणित त्याला चिकटलं. त्याचा स्वेटर विणायला घ्यायचा होता. दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसत होते, घेर हवा बहात्तर सेंटिमीटर. त्याने गुणाकार केला, आलं १५८.४. बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "आई, पॉइंट चार टाका कसा घालतात?" घालत नाहीत. शिवाय खालची पट्टी दोन सुलट दोन उलट, गोल सुईवर, म्हणजे आकडा चारच्या पाढ्यातला हवा. १५६ की १६०? "१६० जवळ आहे, आणि मी वाढणार आहे," म्हणाला. पूर्ण अर्धा तास जागचा हलला नव्हता.

आणि इथेच मी हावरटपणा केला. पुढचे दोन आठवडे प्रत्येक गोष्ट विणकामातून! अपूर्णांक, टक्केवारी, नमुन्यांचे आलेख. तो कंटाळलाच, पण मीही कंटाळले. सुया हातात घेतल्या की डोक्यात पाठ तयार व्हायला लागले. माझी म्हणून उरलेली एकमेव गोष्ट मी स्वतःच अभ्यासक्रमात घालून टाकली होती. ताबडतोब बंद केलं.

आता संध्याकाळी पाच ते सहा मी दार लावून बसते. तेव्हा जाळीची शाल, जी परत पहिल्यापासून विणायला घेतली आहे. त्या तासाला मी "राहिलेला वेळ" म्हणत नाही, कारण राहिलेला वेळ आमच्याकडे कधीच राहत नाही. भागाकार पूर्ण झाला तरी पाच वाजतात, अर्धा राहिला तरी वाजतात. सुरुवातीला अपराधी वाटायचं, अजूनही थोडं वाटतं. आणि खरं सांगायचं तर कधीकधी अभ्यासाच्या वेळीही मी ओळ संपायच्या निमित्ताने त्याचं ऐकू न आल्यासारखं करते. साठ टाके तेव्हा फार सावकाश संपतात. त्याला ते कळत असावं, कारण हल्ली तो आधी सुईकडे बघतो, किती टाके उरलेत ते मोजतो आणि मग हाक मारतो.

हे लिहिण्यात आजच्या तासातली चाळीस मिनिटं गेली. शाल मांडीवर तशीच आहे, आठव्या ओळीत. बाहेरून दोनदा विचारून झालंय, "आई, संपला का तुझा तास?" आणि आता दाराखालून एक चिठ्ठी आत आलीये: ८४ ÷ ६ = १४. खाली कोळ्याचं चित्र, पाय नऊ.

एवढी ओळ पुरी करते, मग उठते.