‘भूगोल घेऊन काय करणार?’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांचं पाठांतर. गुगल मॅप आल्यापासून त्याचाही उपयोग संपला. कोकणातल्या पोराला पाऊस आणि दर्या जन्मापासून कळतो, त्याला पदवी कशाला? आणि नोकरी म्हणाल तर फार तर शाळेत मास्तर. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवते. असले मेसेज वाचून घरचे मुलांना दुसरीकडे वळवतात, ते बघवत नाही.

पाठांतराचं आधी बोलू. कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. का? हा विद्यापीठातल्या भूगोलाचा प्रश्न आहे. जुलैत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर जा, जिकडेतिकडे पाणी साचलेलं दिसेल. मार्चमध्ये तोच कातळ पाय ठेववत नाही इतका तापलेला असतो. हा कातळ जांभ्या दगडाचा, सच्छिद्र आणि भेगाळ. पाणी त्यातून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीसारख्या थरावर अडतं, आडवं वाहत सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळतं. पुढे सह्याद्रीपासून समुद्र जवळ, नद्या आखूड, उतार तीव्र. पाणी थांबणार कुठे? हे समजलं की बोअरवेल कुठे मारू नये, सड्यावर जेसीबी फिरला तर खालच्या वाडीचा कोणता झरा आटू शकतो, याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी मुलं उन्हाळाभर विहिरींची पातळी मोजतात, झऱ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरली ते वहीत लिहितात. यात घोकायचं काय आहे?

गुगल मॅपवर चिपळूणची बाजारपेठ दिसते, दुकानांची नावंसुद्धा दिसतात. २२ जुलै २०२१ ला त्या बाजारपेठेत पाणी का शिरलं, ते त्यावर दिसत नाही. घाटात कोसळलेला पाऊस, पौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने उधाणाची भरती, गाळाने उथळ झालेलं वाशिष्ठी नदीचं पात्र, तिच्यात येणारं कोयनेच्या वीजगृहांचं पाणी. यात कोणाचा वाटा किती, यावर लोक अजून भांडतात, आणि मोजमाप केल्याशिवाय ते भांडण मिटणार नाही. पूररेषेचंही तसंच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. लाल रेषेचा पूर येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं चिंता नाही, असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. घर कुठे बांधायचं हे ठरवताना कोणता ॲप हे सांगतो?

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. वाऱ्याचा रोख बघून होडी काढायची की नाही हे ठरवणारे आमचे मच्छीमार बांधव जे जाणतात, ते मला वर्गात शिकवता येणार नाही. पण हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळू शकेल याची सूचना देते, आणि तिचा उपयोग याच बांधवांना होतो. दुसरं म्हणजे, अनुभव हा पाहिलेल्या गोष्टींचा असतो. २०१९ चं क्यार चक्रीवादळ, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. लागोपाठ तीन वर्षं अरबी समुद्रात अशी वादळं झाली. निसर्गने श्रीवर्धनपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा वाडीतले वयस्कर लोकही हतबल झाले होते. समुद्र तापतोय, आणि आजोबांच्या आठवणीतला समुद्र आता पुरा पडत नाही. ज्या मुलाला घरातून दर्या कळलेला आहे त्याने हे शास्त्र शिकलं, तर मुंबईहून आलेल्या कोणाही तज्ज्ञापेक्षा ते त्याला जास्त उमगेल.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. नुसत्या बीएवर, हातात दुसरं कौशल्य नसताना, नोकरी मिळणं कठीणच. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून विश्लेषण करणं) आणि सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन-पाण्याचा अभ्यास) नीट शिकलेल्यांना नगररचना, जलसंधारण, किनारा व्यवस्थापन, विमा, सर्वेक्षण अशी कामं असतात. नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधनं केंद्राने २०२१ मध्ये बरीच सैल केली, त्यामुळे खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळं झालं. स्पर्धा परीक्षांत भूगोल उपयोगी पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र एक फरक लक्षात ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं असेल तर यूपीएससीची वेगळी परीक्षा असते आणि तिला भूविज्ञान किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, भूगोलाची चालत नाही. हा फरक एमएला गेल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून प्रवेश घेण्याआधी आईवडिलांनी मुलासोबत विभागात जावं आणि विचारावं: जीआयएसची लॅब चालू आहे का, मुलं स्वतः नकाशे करतात का, वर्षातून किती वेळा फील्डवर नेता, मागच्या बॅचची मुलं आता काय करतात. उत्तरं द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरं कॉलेज बघा. विषय मात्र बदलू नका.